अभ्यासिकेचे चार संगणक: प्रोसेसर काढण्याच्या नोंदी

२३ मार्च २०२५, रविवार

संगणकाचा चौथा डबा आज आला. एक कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावरचा, दोन एका कार्यालयाच्या अडगळीतले आणि एक गावातल्याच गुरुजींच्या घरचा. ग्रामपंचायतीच्या मागची खोली मिळाली आहे, चुना मारून झाला, टेबलं आली. पोरांनी दिवसही ठरवला: १४ एप्रिल, बाबासाहेबांची जयंती. त्या दिवशी अभ्यासिका उघडायची. माझ्या हातात तीन आठवडे, तेही घाटंजीचं दुकान सांभाळून.

हे काम मी का घेतलं ते इथे लिहून ठेवतो. २०२३ ची तलाठी भरती संगणकावर झाली. आमच्या गावची पोरं परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा माउसनं उत्तरं निवडत होती. अभ्यास होता, पण हात बसलेला नव्हता. वेळ संपायच्या आत पुढच्या प्रश्नावर कसं जायचं हे शोधण्यात मिनिटं गेली. मला ते तेव्हाच लागलं होतं.

आमच्याकडे ‘सीपीयू’ म्हटलं की अख्खा डबा समजतात. ‘दादा, सीपीयू आणून ठेवला’ म्हणजे गाडीवरून कॅबिनेट आलं. म्हणून या नोंदीत आतल्या चिपला मी प्रोसेसरच म्हणणार. त्याच्यावर बसणाऱ्या धातूच्या ठोकळ्यालाही कूलर म्हणणार नाही, हीटसिंक म्हणेन. कारण कूलर म्हणजे खिडकीतला, खसाच्या ताट्यांचा. मार्च संपत आला की विदर्भात तो शब्द दुसऱ्या कशालाच मोकळा राहत नाही.

चारही डब्यांवर खडूनं अ, ब, क, ड लिहिलं.

अ (काट्यावरचा): प्रोसेसर कोअर आय-थ्री २१२०, एच-६१ चिपसेटचा मदरबोर्ड (सगळे भाग जोडलेली मुख्य पाटी, पुढे नुसतं बोर्ड म्हणेन). चालू होतो, पाच-सात मिनिटांत आपोआप बंद पडतो.
ब: आत आय-फाइव्ह २४००. बोर्डवरचे कपॅसिटर (वीज साठवणारी छोटी नळकांडी) फुगून वरून फाटले आहेत. बोर्ड गेला.
क (गुरुजींचा): एएमडीचा अॅथलॉन टू एक्स-टू २५०. चालतो, पण पंखा खडखडतो आणि तापतो.
ड: जुना ७७५ सॉकेटवाला. (सॉकेट म्हणजे बोर्डवर प्रोसेसर बसतो ती बैठक, आकडा तिच्यातल्या पिनांचा.) सॉकेटमधल्या पिना आधीच कुणीतरी चेपून ठेवल्या आहेत. हा फक्त पार्टसाठी. याची नोंद इथेच संपली.

बेत असा: ब मधला आय-फाइव्ह काढून अ मध्ये बसवायचा. दोन्हींचं सॉकेट एकच, ११५५. दोन्ही प्रोसेसर दुसऱ्या पिढीचे, त्यामुळे बायोस (मशीन सुरू होताना आधी चालणारा बोर्डमधला प्रोग्राम) बदलण्याची भानगड नाही. बोर्ड बनवणाऱ्याची यादी तपासली, त्यात २४०० आहे. आय-थ्रीत दोन कोअर, म्हणजे हिशेब करणारे भाग, आय-फाइव्हमध्ये चार. फरक उष्णतेचा: पहिला ६५ वॉटचा, दुसरा ९५ चा. म्हणून हीटसिंकही ब मधलाच घ्यायचा. त्याच्या मधोमध तांब्याचा गट्टू आहे. अ मधला नुसता ॲल्युमिनियमचा, बुटका.

२६ मार्च, बुधवार

खोलीत अर्थिंग नाही. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. आत हात घालण्याआधी हे मिटवणं भाग होतं. वायरमनला बोलावलं. मागच्या अंगणात खड्डा, लोखंडी पाइप, कोळसा आणि मीठ. दोन तासांचं काम.

२९ मार्च, शनिवार

अ उघडला. पुतणी सोबत होती. बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाली आहे, शिकायचं म्हणते.

पंख्याखाली जे दिसलं ते लिहिण्यासारखं आहे. हीटसिंकच्या पात्या दिसतच नव्हत्या. गोधडी शिवायच्या आधी रुई पसरतात तसा एकसंध पांढरट थर, वर काळी धूळ. चिमट्यानं कड धरून ओढला तर तो सगळा एका तुकड्यात निघाला, आणि त्याच्या खालच्या अंगाला पात्यांच्या रेघा उमटलेल्या होत्या. जिनिंगमधली रुई हवेत तरंगते, पंखा ती आत ओढतो. पंखा फिरत होता, पण वारा पात्यांपर्यंत जात नव्हता. मशीन बंद पडत होती ती बिघडून नाही, जीव वाचवायला.

तरी प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली पेस्ट पाहायचीच होती आणि प्रोसेसर काढायचाच होता. पेस्ट गरम होऊन ढिली पडावी म्हणून आधी मशीन पाच मिनिटं चालवली, बायोसच्या पानावर ठेवून. तापमानाचा आकडा ८८ अंशांपर्यंत चढला. मग बंद केली, केबल काढली, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरलं, म्हणजे कपॅसिटरमध्ये उरलेला करंट निघून जातो. कॅबिनेट आडवं केलं. पंख्याची चार तारांची वायर बोर्डवरून काढली. हे विसरलं तर हीटसिंक उचलताना वायर उपटते.

इंटेलच्या या हीटसिंकला चार कोपऱ्यांत चार काळ्या खुंट्या असतात, वर बाण कोरलेला. बाणाच्या दिशेनं पाव फेरा फिरवायचं, मग वर ओढायचं. पुतणीनं समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या जोड्या धरून चारही सोडवल्या. शेवटची निघेना. खालून पाहिलं तर तिचा पांढरा दुभंगलेला पाय बोर्डमध्येच अडकला होता. पक्कडनं खालून दोन्ही फाटे चिमटले तेव्हा सुटली.

हीटसिंक वर ओढला नाही. डावीकडे-उजवीकडे थोडा थोडा फिरवला, सायकलची मूठ काढतात तसा. तिसऱ्या वेळी हाताला कळलं, आतली पकड सुटली. मग उचलला.

पेस्ट कशासाठी, हे पुतणीला इथे समजावलं. दोन धातू एकमेकांवर कितीही घट्ट दाबले तरी मध्ये बारीक फटी राहतात, फटीत हवा असते, आणि हवा उष्णता सहजासहजी पुढे देत नाही. पेस्ट त्या फटी भरते. नवी असताना मऊ असते, वर्षानुवर्षं तापून तिच्यातला तेलकटपणा जातो आणि ती भिंतीच्या गिलाव्यासारखी होते. मग ती उष्णताही नीट नेत नाही आणि दोन्हीकडून चिकटूनही बसते.

प्रोसेसर सॉकेटमध्ये लोखंडी चौकटीखाली असतानाच वरची पेस्ट पुसली. घाटंजीच्या मोबाईलवाल्याकडून आयपीएची (आयसोप्रोपाइल अल्कोहोल) छोटी बाटली आणली होती, सुती कापडाला लावून. आधी काढून मग पुसलं तर कण खालच्या पिनांत पडतात.

मग सॉकेटच्या बाजूची दांडी. खाली दाबायची, बाहेर सरकवायची, मग वर. दांडी वर आली की लोखंडी चौकट उचलली जाते. आत प्रोसेसर नुसता ठेवलेला. दोन बोटांनी कडा धरून सरळ वर. त्याच्या पोटाशी सपाट सोनेरी ठिपके, आणि सॉकेटमध्ये ११५५ पिना, वाऱ्यानं एका बाजूला झुकलेल्या गव्हासारख्या. त्यांना बोट लागू द्यायचं नाही. पुतणी बराच वेळ मोबाईलच्या उजेडात पाहत राहिली. मी थांबलो. पाहू द्यावं.

सॉकेटवरची प्लॅस्टिकची झाकणी कुठे मिळणार? ड च्या सॉकेटवर एक तुटकी होती, ती बसत नाही. सध्या चौकट आणि दांडी परत बंद करून वर स्वच्छ कागद चिकटवला आहे.

६ एप्रिल, रविवार

आज चूक झाली. जशी झाली तशी लिहितो.

रामनवमीची शोभायात्रा संध्याकाळी, त्याआधी क ची पेस्ट बदलून टाकू म्हटलं. सकाळी वीज नव्हती. आधी मशीन चालवून गरम करायची, हे मीच २९ तारखेला पुतणीला शिकवलं होतं. आज वीज येण्याची वाट पाहिली नाही. हीटसिंकची लोखंडी कडी सोडवली आणि सरळ वर ओढलं. निघेना. जोर लावला. ‘टक्’ असा आवाज आला आणि हीटसिंक हातात आला, खाली प्रोसेसर चिकटलेलाच.

इंटेलच्या ११५५ मध्ये असं होत नाही. तिथे पिना सॉकेटमध्ये असतात आणि प्रोसेसरला वरून लोखंडी चौकट धरून असते. हीटसिंक ओढला तरी प्रोसेसर जागचा हलत नाही. एएमडीच्या या जुन्या पिढीत उलटं. पिना प्रोसेसरच्या पोटाला, ९३८, बारीक तारेसारख्या. सॉकेटला भोकं. बाजूची दांडी खाली असली की सॉकेट त्या पिना आतून आवळून धरतं. वर केली की सोडतं, मग प्रोसेसर काढायला बळ लागतच नाही. पण हीटसिंक बसलेला असेपर्यंत दांडी वर करता येत नाही, तो तिच्यावरच पसरलेला असतो. म्हणजे हीटसिंक काढताना पिना आवळलेल्याच असतात. प्रोसेसरला थांबवणारी दुसरी कुठली चौकट नाही. सॉकेटच्या पकडीपेक्षा वाळलेल्या पेस्टची पकड भारी ठरली तर प्रोसेसर उपटून येतो. आज तेच झालं.

एका कोपऱ्यातल्या नऊ पिना आडव्या झुकल्या आहेत.

हा गुरुजींचा संगणक. शाळेतल्या पोरांचे दाखले, निकाल त्यांनी यावर टाइप केले. त्यांनी विश्वासानं दिला. शोभायात्रेला गेलो नाही.

७ एप्रिल, सोमवार

प्रोसेसर हीटसिंकपासून सुटत नाही. फटीत आयपीए सोडलं, रात्रभर ठेवलं. गळाची नायलॉनची दोरी फटीत ओढून पाहिली, शिरली नाही. पट्टी किंवा चाकू घालायचा मोह होतो. नाही घातला. प्रोसेसरच्या हिरव्या पाटीला चरा गेला तर सगळंच संपलं, आणि हात निसटला तर उरलेल्या पिना जातील.

८ एप्रिल, मंगळवार

दुकानाशेजारी ट्रॅक्टर दुरुस्त करणारे काकाजी आहेत. त्यांनी सकाळी पाहिलं, विचारलं. मी सांगितलं.

“बापू, जाम झालेला नट आम्ही आधी तापवतो, मंग फिरवतो. तू थंडाच ताणून राहिला होता.”

बरोबर आहे. हे मला येत होतं, त्या दिवशी केलं नाही.

दुपारी उन्हाकडे पाहिलं. मोबाईल चाळिशीच्या वर दाखवत होता, टिनाला हात लावता येत नव्हता. पिना वरच्या बाजूला करून हीटसिंक पालथा ठेवला, वर काचेची उलटी वाटी, अंगणात, जुन्या तव्यावर. पुतणी सावलीत बसून मांजरावर लक्ष ठेवून होती. पाऊण तासानं फडक्यात धरून आत आणला. एका हातात हीटसिंक, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत प्रोसेसरच्या कडा. ताणलं नाही, फिरवलं. पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा बोटांखाली घट्ट गुळाच्या पाकासारखं काहीतरी ढिलं झालं. प्रोसेसर सरकला आणि सुटला.

“काका, निघालं!” पुतणी ओरडली तशी शेजारची दोन पोट्टीही धावत आली.

९ एप्रिल, बुधवार

पिना सरळ करण्याचं काम. सकाळी सातला बसलो, तेव्हा उजेड तिरपा असतो. प्रोसेसर डोळ्यासमोर आडवा धरून ओळीच्या अंगानं पाहायचं. सरळ ओळीतून जी पिन डोकं बाहेर काढते ती वाकलेली. कापसाच्या सरीकडे बांधावरून पाहावं, तसं. उभी, आडवी आणि दोन्ही तिरप्या ओळी तपासायच्या, कारण एका बाजूनं सरळ दिसणारी पिन दुसऱ्या बाजूनं झुकलेली असते.

हत्यार म्हणजे ०.५ ची पेन-पेन्सिल, शिसं काढून टाकलेली. टोकाची धातूची नळी पिनेवर अलगद घालायची आणि हवी तेवढीच झुकवायची. एकाच दमात नाही. पण मागेपुढेही करायचं नाही. तार मागेपुढे वाकवून तोडतात, तेच इथे होईल. नवातल्या आठ पिना सकाळी दहा वाजेपर्यंत उभ्या झाल्या. नववी मुळाशीच दुमडली होती. फार जपून उचलली. तुटली. टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर पडली तेव्हा दिसलीही नाही, बोट फिरवून शोधली.

काही पिना नुसत्या ग्राउंडच्या असतात, तशा अनेक असल्यानं एक गेली तरी चालतं. काही रॅमच्या असतात. ही कुठली ते बसवल्याशिवाय कळणार नाही.

१० एप्रिल, गुरुवार

क जोडला. दांडी उभी केली, प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवला, सोडला. दाबला नाही. आपल्या वजनानं खाली गेला पाहिजे. नाही गेला. परत काढला, ओळी पाहिल्या, एक पिन अजून केसभर तिरपी होती. ती नीट केली. दुसऱ्यांदा सॉकेटमध्ये बसला तो आवाज न करता. दांडी खाली केली, नवी पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी मध्यभागी, हीटसिंक, कडी.

चालू झाला. पण दोन जीबीच्या दोन रॅमपैकी एकच दिसते. पट्ट्या अदलाबदल करून पाहिल्या. दोन्ही चांगल्या आहेत, रॅम बसवायचा एक स्लॉट मेला आहे. पहिल्या स्लॉटमध्ये चार जीबीची एकच पट्टी टाकली, ती पूर्ण दिसली. काम भागलं.

संध्याकाळी गुरुजींकडे जाऊन सांगितलं. माझ्या घाईनं एक स्लॉट गेला, असं सरळ सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा ठेवायला सांगितला आणि मग विचारलं, “पोरांना टायपिंग करता येईल ना त्याच्यावर?” हो म्हणालो.

११ एप्रिल, शुक्रवार

ब मधला आय-फाइव्ह काढायचा दिवस. हे काम पुतणीनं केलं, मी बाजूला स्टुलावर.

अडचण अशी की ब चा बोर्ड मेला आहे, चालवून गरम करता येत नाही. गावातल्या पार्लरवाल्या ताईंचा हेअर ड्रायर आणला. पात्यांवर तीन-चार मिनिटं गरम वारा सोडला. मग कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातला स्थिर करंट उतरवला. तिची नायलॉनची ओढणी आधीच खुंटीला टांगायला लावली होती. या दिवसांतल्या कोरड्या हवेत ती अंगावरून काढताना चटचट वाजते, आणि तेवढी ठिणगी चिपला पुरते.

खुंट्या, फिरवणं, उचलणं, पुसणं. मी एकदाच बोललो: “दांडी सोडू नोको, हातानंच वर ने.” सोडली तर ती स्प्रिंगसारखी उसळते. तिनं हातानं नेली. प्रोसेसर उचलला आणि दोन्ही कडांच्या खाचा मला दाखवल्या: “ह्या ज्या बाजूले आहेत, त्याच बाजूले तिकडच्या सॉकेटमंधी उंचवटे राह्यते ना?” हाव, त्याच.

मग अ. कागद काढला. आय-फाइव्ह ठेवला, हलवून पाहायचा नाही, ठेवल्याबरोबर सपाट बसला. चौकट, दांडी. दांडी खाली नेताना जोर लागतो आणि कर्रकन आवाज येतो. ती थबकली.

“काका, मोडून त नाही राह्यलं ना?”

“नाही वं. दाब. ते अकराशे पिना एकदम दबून राहिल्या, त्याचा आवाज आहे.”

पेस्ट, तांब्याचा गट्टूवाला हीटसिंक, समोरासमोरच्या खुंट्या जोडीनं, प्रत्येकीची ‘टक’ ऐकून. बोर्डच्या मागून चारही पाय पूर्ण बाहेर आले का ते पाहिलं. पंख्याची वायर.

पहिल्यांदा चालू केल्यावर नवा प्रोसेसर बसवला आहे असा संदेश आला, एफ-१ दाबायला सांगितलं. बायोसमध्ये पंधरा मिनिटं ठेवलं. आकडा ५२ ला जाऊन थांबला. खिडकीतला कूलर बंद ठेवूनच हे पाहिलं. तो चालू असतो तेव्हाचा आकडा फसवा. शिवाय त्याचं पाणी खारं, तुषार उडाले की बोर्डवर पांढरे डाग पडतात. संगणकांचं टेबल आता समोरच्या भिंतीला लावलं आहे.

१२ एप्रिल, शनिवार

अ आणि क वर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंतच नेहमीचे अपडेट मिळणार होते आणि विंडोज ११ या जुन्या प्रोसेसरना घेत नाही. मराठी कळफलक लावला. बायोसची घड्याळाची बॅटरी, सीआर २०३२, दोन्हींत नवी.

जिनिंगची रुई इथेही येणारच. कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर आतून जुन्या मच्छरदाणीचा तुकडा लावला. दिवाळीनंतर कापूस सुरू झाला की दर पंधरवड्याला तो झटकायचा, हे भिंतीवर लिहिलं.

१४ एप्रिल, सोमवार

सकाळी पंचशील ध्वज, वंदना, मग खोली उघडली. दोन संगणक दिवसभर चालू होते. क समोर भरतीची तयारी करणारी एक मुलगी बसली होती, तिनं सराव परीक्षा सोडवली आणि वेळ उरला म्हणून परत सोडवली. गुरुजी तिच्या मागे उभे होते.

अ च्या कॅबिनेटवर पुतणीनं मार्करनं लिहिलं आहे: पेस्ट ११-४-२५.

१९ एप्रिल, शनिवार

अ मधून निघालेला आय-थ्री अजून चांगला आहे. ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून, वर कापसाऐवजी कागदाची घडी घालून मोठ्या काडेपेटीत ठेवला आहे. शेजारच्या गावच्या वाचनालयातून फोन आला. त्यांच्याकडेही ११५५ चा बोर्ड आहे, आत साधा सेलेरॉन आहे, फार हळू चालतो. आय-थ्री त्यांना देणार.

उद्या सकाळी जातो. पुतणी येते म्हणाली, हेअर ड्रायर तिनं पिशवीत टाकलासुद्धा. तिकडच्या पोरांना फोनवर एवढंच सांगितलं की मी येण्याआधी अर्धा तास मशीन चालू करून ठेवा, आणि पंख्याला हात लावू नका.